पिवळा गाल, गुलाबी गाल

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत तक्रार एकच आहे: विषय एक, कॅमेरे दोन आणि रंग वेगवेगळे. कॅमेऱ्याच्या नादी लागण्याआधी मी बरीच वर्षं एका छपाईखान्याच्या रंगखोलीत काढली. रोज कोणीतरी प्रूफ हातात नाचवत यायचं आणि म्हणायचं, "लाल बरोबर नाही आला." माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुठल्या दिव्याखाली पाहिलंत?" लोकांना राग यायचा. आजही तोच प्रश्न विचारणार आहे, तेव्हा आधीच माफी मागतो.

प्रश्न: माझ्याकडे सोनीचा आल्फा ७ मार्क ४ आहे. मैत्रिणीचा कॅनन आर६ मार्क २ दोन दिवसांसाठी आणला आणि मुलीला खिडकीशी बसवून दोन्हींवर फोटो काढले, सगळं ऑटोवर ठेवून. कॅननमध्ये तिचे गाल गुलाबी, टवटवीत दिसतात. सोनीत पिवळट, तापातून उठल्यासारखे. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने रंगसंस्कार न केलेल्या, अडोबीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या तरी फरक राहिलाच. कॅननचे रंगच वेगळे, असं सगळे म्हणतात. सोनी विकून टाकू का?

उत्तर: या दोन फोटोंच्या जिवावर तरी विकू नका. तुम्ही दोन्ही रॉ फाइल पाठवल्यात हे फार बरं केलंत, नाहीतर मी नुसतीच प्रवचनं झोडली असती.

मुलीच्या मागे टेबलावर एक उघडं पुस्तक आहे. दोन्ही फाइलमध्ये मी व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीच्या दुरुस्तीचा, ड्रॉपर त्या पुस्तकाच्या पानाच्या एकाच कोऱ्या कडेवर टेकवला. अर्ध्याहून अधिक भांडण तिथेच मिटलं. सोनीच्या ऑटोने प्रकाशाचा अंदाज बांधताना हिरवटपणाकडे थोडा तोल जाऊ दिला होता, तर कॅननच्या ऑटोने किरमिजीकडे. खिडकीचा उजेड वरवर साधा वाटतो, पण त्यात आकाशाचा निळा असतो, बाहेरच्या झाडाचा हिरवा असतो आणि आतल्या भिंतीवरून उलटून आलेला तिसराच काहीतरी. कॅमेऱ्याला यातलं काही माहीत नसतं, तो अंदाज करतो. दोन कंपन्यांचे दोन अंदाज म्हणजे दोन सेन्सरांचे गुणदोष नव्हेत. ऑटोमध्ये 'पांढऱ्याला प्राधान्य' की 'वातावरणाला प्राधान्य' अशी निवड दोन्ही कॅमेऱ्यांत आहे, पण तिचा परिणाम मुख्यतः पिवळ्या बल्बच्या उजेडात दिसतो. तुमच्या खिडकीत ती फारशी कामाची नाही.

मग उजळपणा पाहिला. कॅननची फाइल साधारण एकतृतीयांश स्टॉपने उजळ होती (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). एवढा फरक आकड्यात क्षुल्लक, पण गालावर भलताच बोलका. तीच त्वचा जरा उजळ झाली की निरोगी वाटते, जरा दबली की मळकट. दोन्हींवर आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा, ४०० होता, मग असं का, असं तुम्ही विचाराल. डिजिटल कॅमेऱ्याचा आयएसओ आकडा कसा ठरवायचा याचं एक मानक आहे, त्याचं नाव आयएसओ १२२३२. २००६ सालच्या आवृत्तीपासून त्यात अशीही एक पद्धत आहे की चित्र किती उजळ असलेलं योग्य, हे कंपनीने आपल्या मताने ठरवावं आणि त्यावरून आकडा सांगावा. म्हणजे एका कॅमेऱ्याचे ४०० आणि दुसऱ्याचे ४०० तंतोतंत सारखे असलेच पाहिजेत असं नाही. त्यात ऑटो एक्स्पोजरने चेहऱ्याला किती मान दिला, हा हिशेब आणखी निराळा.

पान आणि उजळपणा, दोन्ही जुळवल्यावर जो फरक उरला तो खराच आहे. मुलीचे गाल अजूनही एका फाइलमध्ये किंचित तांबूस आहेत. पण तुम्ही फाइल लाइटरूममध्ये पाहिल्यात. तिथे आपोआप लागणारी 'अडोबी कलर' ही प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे याची कृती, २०१८ सालापासूनची, आणि ती अडोबीच्या लोकांनी प्रत्येक कॅमेऱ्यासाठी स्वतः बनवलेली असते. त्यात ना कॅननचा हात, ना सोनीचा. म्हणजे कॅनन विरुद्ध सोनी असा सामना लावून तुम्ही पाहिलं काय, तर अडोबीची दोन मतं! कंपनीला स्वतःला काय म्हणायचंय ते पाहायचं तर प्रोफाइलच्या यादीत 'कॅमेरा मॅचिंग' गटात शिरा, किंवा फाइल कॅननच्या आणि सोनीच्या आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. दोन्ही फुकट मिळतात.

छपाईखान्यात चेहरा तपासायची आमची एक रीत होती. डोळ्यावर विश्वास न ठेवता भिंग लावायचं आणि शाईच्या प्रमाणाचे आकडे वाचायचे. बहुतेक माणसांच्या त्वचेत पिवळी शाई किरमिजीपेक्षा थोडी जास्त असते, आणि सायन, म्हणजे हिरवट निळी, या दोघींच्या मानाने बरीच कमी. किरमिजी पिवळीच्या पुढे गेली की माणूस उन्हात भाजल्यासारखा दिसतो. सायन चढली की आजारी. तुमच्या सोनीच्या मूळ फाइलमध्ये नेमकं हे दुसरं झालं होतं. हिरवटपणा काढल्यावर आकडे जागेवर आले. गंमत म्हणजे कॅननची मूळ फाइल पहिल्या बाजूला झुकलेली होती. आपल्याला ती आवडते, कारण चेहऱ्यावर चूक करायचीच असेल तर लालसर बाजूची चूक माणसं सहज माफ करतात. 'कॅननचे रंग' या कीर्तीतला मोठा हिस्सा या माफीचा आहे, असं माझं मत. भांडायला कोणीही यावं.

आता प्रयोग पुन्हा करायचा असेल तर असा करा. एखादी जुनी, हाताने फोकस करायची ५० मिमी लेन्स शोधा, फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यांची. तुमच्या दोन्हींसारख्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, सेन्सरपर्यंतचं अंतर फार कमी असतं: सोनी ई माउंटमध्ये १८ मिमी, कॅनन आरएफमध्ये २०, निकॉन झेडमध्ये १६. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी होतं. मधली जागा भरायला एक पोकळ अडॅप्टर पुरतो, आणि तीच लेन्स सगळ्या घरी पाहुणी जाऊ शकते. लेन्सच्या काचेला आणि लेपालाही स्वतःचा रंग असतो. तुमच्या दोन फोटोंत लेन्स वेगळ्या होत्या, हा मुद्दा मी अजून काढलेलाच नाही. २४ चौकटींचा रंगतक्ता मिळाला तर मुलीच्या हातात द्या, नाहीतर नुसतं राखाडी कार्ड. उघडझाप (शटर किती वेळ उघडं राहतं) आणि एफ आकडा (लेन्सचं छिद्र किती उघडं; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) हाताने ठेवा, आणि दोन्ही फोटो मिनिटभराच्या आत काढा. ढग थांबत नाहीत.

आणि फाइलची नावं दुसऱ्या कोणाकडून तरी बदलून घ्या. मी एकदा दोन कॅमेऱ्यांच्या फाइल शेजारी लावून, माझ्या आवडत्या कॅमेऱ्याच्या त्वचेतली 'खोली' अर्धा तास एका मित्राला समजावून सांगत होतो. तो ऐकून घेत होता, चहाटळपणे हसत. शेवटी त्याने फाइलची माहिती उघडून दाखवली. फोल्डर उलटे पडले होते. खोली दुसऱ्याच कॅमेऱ्याची होती.

एक मात्र कबूल करायला हवं. तुम्ही रॉला हात लावत नसाल, कॅमेऱ्यातून निघालेली जेपेग सरळ घरच्यांना पाठवत असाल, तर हे सगळं पुराण बाजूला ठेवा. मग कॅमेऱ्याचा कौल हाच तुमचा रंग, आणि त्यावरून कॅमेरा निवडणं अगदी रास्त आहे. पण त्याआधी सोनीच्या मेनूत 'क्रिएटिव्ह लुक'मध्ये पीटी, म्हणजे पोर्ट्रेट, लावून पाहा. आणि व्हाइट बॅलन्सच्या चौकोनी जाळीत ठिपका एमच्या बाजूला, म्हणजे किरमिजीकडे, एक-दोन खुणा सरकवा. पाच मिनिटांचं काम आहे. विकण्यापेक्षा स्वस्त.

प्रश्न: फुजीफिल्मच्या एक्स-ट्रान्स सेन्सरमुळेच फुजीचे रंग फिल्मसारखे येतात ना? मित्राचा निकॉन झेड६ मार्क २ फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा, असूनही माझ्या एक्स-टी५पुढे त्याच्या जेपेग फिक्या वाटतात.

उत्तर: रंग फुजीचे, श्रेय मात्र चुकीच्या माणसाला देताय.

सेन्सर जन्मतः रंगांधळा. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवून त्याला रंग शिकवावा लागतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी यासाठी मांडणी सुचवली, तिचं पेटंट १९७६ सालचं: दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. तुमच्या मित्राचा निकॉन त्याच घराण्यातला. फुजीने २०१२ मध्ये एक्स-प्रो१ मध्ये वेगळी मांडणी आणली, सहा बाय सहाची. तिच्या ३६ पिक्सेलमध्ये २० हिरवे, ८ लाल, ८ निळे. बायरच्या प्रत्येक ओळीत हिरव्याच्या जोडीला एकच रंग असतो. एक्स-ट्रान्समध्ये प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत तिन्ही रंग सापडतात. हे केलं ते मोआरेसाठी, म्हणजे बारीक विणीच्या कापडावर उमटणाऱ्या खोट्या नक्षीसाठी. सेन्सरपुढे धूसर करणारा फिल्टर न लावता ती नक्षी टळावी, एवढाच हेतू. फिल्मसारख्या रंगांशी याचा संबंध नाही.

पुरावा फुजीच्याच घरात आहे. त्यांच्या मोठ्या सेन्सरच्या जीएफएक्स कॅमेऱ्यांत साधी बायर मांडणी आहे, तरी प्रोव्हिया, व्हेल्व्हिया, क्लासिक क्रोम हे सगळे मुखवटे तिथेही तितकेच खुलतात. रंग येतात ते या फिल्म सिम्युलेशनमधून: गडद भाग किती दाबायचा, हिरव्याला पिवळ्याकडे किती झुकवायचं, आकाशाचा निळा किती घट्ट करायचा. ज्यांनी आयुष्यभर फिल्म बनवली त्यांना माणसांना काय आवडतं ते माहीत आहे, आणि त्यांनी ते मेनूत बसवलं. मला स्वतःला क्लासिक क्रोमचं दबलेलं आकाश आवडतं आणि व्हेल्व्हियातली त्वचा अजिबात सोसवत नाही.

मित्राला सांगा, निकॉनच्या 'पिक्चर कंट्रोल'मध्ये 'स्टँडर्ड' सोडून बाकीचे पर्यायही असतात. आणि अंधारात, एकाच एफ आकड्यावर आणि एकाच उघडझापीवर, त्याचा कॅमेरा तुमच्यापेक्षा एका स्टॉपहून थोडा अधिक पुढे राहील, कारण त्याच्या सेन्सरचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या जवळजवळ २.४ पट आहे. तिथे तुमचं फिल्म सिम्युलेशन मदतीला येणार नाही.

प्रश्न: मी मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा, वापरते, पक्ष्यांसाठी. फुल-फ्रेमवाले म्हणतात, तुझ्या फोटोत दाणे फार. बदलायला हवं का?

उत्तर: दाणे असतात, हे खरं. पण ते कुठून येतात ते त्या फुल-फ्रेमवाल्यांनाही विचारा.

उजेड कणाकणाने येतो आणि त्या कणांची संख्या प्रत्येक पिक्सेलवर थोडी कमीजास्त होतेच. शंभर कण अपेक्षित असतील तर चढउतार दहाच्या आसपास. दहा हजार असतील तर शंभराच्या आसपास, म्हणजे प्रमाणात फक्त एक टक्का. कण जितके जास्त, चित्र तितकं गुळगुळीत. तुमचा सेन्सर १७.३ बाय १३ मिमी, त्यांचा ३६ बाय २४. क्षेत्रफळ जवळजवळ चौपट. म्हणून एकाच एफ आकड्यावर आणि एकाच उघडझापीवर ते चौपट उजेड गोळा करतात, आणि तुमचा आयएसओ १६०० साधारण त्यांच्या ६४०० सारखा दिसतो. दोन स्टॉप. इथवर ते बरोबर.

आता पुढचं. तुम्ही ३०० मिमी एफ/४ लेन्सने पक्षी टिपता, तर तितकाच मोठा पक्षी चौकटीत बसवायला त्यांना ६०० मिमी लागते. चोचीपासून शेपटीपर्यंत तितकंच फोकसमध्ये हवं असेल तर त्यांना एफ/८ वर जावं लागेल. तुम्ही एफ/४ वर, ते एफ/८ वर. उघडझाप तीच, कारण पक्षी तोच. त्यांचा आयएसओ दोन स्टॉपने चढला आणि सगळी आघाडी गेली. त्यांच्याकडे ६०० मिमी एफ/४ असेल आणि ते ती पूर्ण उघडी ठेवत असतील, तर मात्र त्यांचं म्हणणं खरं. पण मग ती लेन्स खांद्यावर घेऊन अर्धा दिवस चालून दाखवा म्हणावं.

शिवाय दाणे घालवणारी सॉफ्टवेअर आता फार पुढे गेलीत. लाइटरूममध्ये असं 'डीनॉइज' २०२३ साली आलं. जुन्या फाइलवर चालवून पाहा, काही परत जिवंत होतील. पिसांवर मात्र हात हलका ठेवा. जास्त ओढलं की पिसं प्लास्टिकची होतात, आणि पक्ष्यांची नजर असलेला माणूस ते लांबूनही ओळखतो.

प्रश्न: नवं मॉडेल म्हणजे जास्त चांगलं चित्र, हे धरून चालायचं ना? आणि १४ बिटचा फायदा दिसतो का?

उत्तर: नाही. निकॉनच्या झेड६ मार्क ३ मध्ये सेन्सर झेड६ मार्क २ पेक्षा कितीतरी वेगाने वाचला जातो, पण मूळ, म्हणजे न वाढवलेल्या, आयएसओवर सावल्या उपसून काढायच्या झाल्या तर जुनाच किंचित सरस आहे. सोनीच्या ए९ मार्क ३ मध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी वाचणारं ग्लोबल शटर आहे; मोबदल्यात त्याचा मूळ आयएसओ २५० पासून सुरू होतो. उलट निकॉन झेड८ चा मूळ आयएसओ ६४, म्हणजे शंभरपेक्षा साधारण दोनतृतीयांश स्टॉप जास्त उजेड पोटात घेण्याची सोय. धावणारे टिपायचे की डोंगर, यावर उत्तर बदलतं.

१२ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या उजळपणाच्या ४,०९६ पायऱ्या, १४ बिटमध्ये १६,३८४. फरक दिसलाच तर कमी आयएसओवर, फार गडद सावली तीन-चार स्टॉप वर ओढल्यावर. आयएसओ ३२०० वर पायऱ्या मोजत बसू नका, तिथे दाण्यांनी त्या केव्हाच बुजवल्यात.

प्रश्न: माझ्याकडच्या दोन्ही कॅमेऱ्यांत एक निळंजांभळं फूल वेगवेगळं येतं. एकात निळं, दुसऱ्यात गुलाबीकडे झुकलेलं जांभळं. प्रत्यक्षातल्या फुलासारखं एकातही नाही. पान, कार्ड, व्हाइट बॅलन्स, सगळं जुळवून पाहिलं.

उत्तर: या महिन्यातलं माझं सर्वांत आवडतं पत्र हे. बाकीच्यांचे फरक बरेचसे सेटिंगचे होते, तुमचा सेन्सरमधलाच आहे.

आपल्या डोळ्याची आणि सेन्सरची रंग ओळखण्याची रीत एक नाही. जांभळा प्रकाश हा इंद्रधनुष्याच्या पट्ट्याचं निळ्यापलीकडचं टोक, तरी तो पाहताना आपल्याला त्यात लालाची झाक जाणवते. ही झाक सेन्सरच्या लाल काचेने किती पकडायची, हे प्रत्येक कंपनीच्या काचेवर अवलंबून. पकडली नाही की जांभळं निळं होतं. तुमचा पहिला कॅमेरा बहुधा या जातीचा.

दुसऱ्याची गोष्ट उलट असावी. काही निळी फुलं गडद लाल आणि त्यापलीकडचं अवरक्तही भरपूर परावर्तित करतात. आपल्या डोळ्याला ते जवळजवळ दिसत नाही, पण सेन्सरला दिसतं, आणि तो प्रामाणिकपणे त्याचा गुलाबी लिहून टाकतो. फिल्मच्या काळातही हे होतं. अजेराटम नावाच्या निळ्या फुलावरून कोडॅकवाले याला 'अजेराटम परिणाम' म्हणत. सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच असते, पण ती नेमकी कुठे कापते ते प्रत्येकाचं वेगळं. २००६ साली आलेल्या लायका एम८ मध्ये ती काच इतकी पातळ होती की कृत्रिम धाग्याचं काळं कापड किरमिजी उमटायचं. शेवटी लायकाने लेन्सवर लावायचे फिल्टर ग्राहकांना देऊ केले.

म्हणून व्हाइट बॅलन्स कितीही फिरवलात तरी हे सुटणार नाही. राखाडी दोन्हींत जुळेल, फूल नाही. छपाईत आम्ही याचा रोज मार खायचो: दोन कापडं एका दिव्याखाली अगदी जुळी, दुसऱ्याखाली परकी. म्हणूनच प्रूफ ५००० केल्व्हिनच्या ठरलेल्या उजेडाखालीच पाहायचं असा दंडक होता. फूल एलईडीखाली पाहत असाल तर आधी तेच थांबवा. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा एक उंच सुळका असतो, त्याच्या शेजारी दरी, आणि गडद लाल बहुधा कमी. दिव्याच्या पाकिटावरचा सीआरआय आकडा (त्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा) ज्या आठ रंगांच्या सरासरीने काढतात, त्यात गडद लाल नसतोच.

उपाय हाताचा आहे. दिवसाच्या उजेडात रॉमध्ये फोटो काढा. स्क्रीन ६५०० केल्व्हिनवर आणि मध्यम उजळपणावर ठेवा, शंभर-एकशेवीस कँडेलाच्या आसपास. मग फूल खिडकीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा आणि फक्त जांभळ्या आणि निळ्या पट्ट्यातला ह्यू, म्हणजे रंगछटा, सरकवा, बाकी कशाला हात लावू नका. दोन्ही कॅमेऱ्यांसाठी वेगवेगळा प्रीसेट जपून ठेवा. पुढच्या वेळी तेच फूल, तोच उजेड असेल तर बरंच काम आधीच झालेलं असेल. आणि हे तोडल्याबरोबर करा. दुपारपर्यंत ठेवलंत तर पाकळीच रंग बदलायला लागते, मग तुम्ही नक्की कशाशी जुळवताय ते मलाही सांगता येणार नाही.